चुकीच्या जागी उभा

५ जानेवारी, सोमवार

आज रुजू झालो. चौदा महिने घरात बसून भिंतींशी बोलणाऱ्या माणसाला 'रुजू' या शब्दात काय गोडी असते, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लाकडाच्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून तीन तास आलो. ड्रायव्हर सबंध रस्ताभर सासूबद्दल बोलत होता आणि मी मनापासून हसत होतो. नोकरी लागली की कुणाचेही विनोद चांगले वाटतात.

जागा छान आहे. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ओळीत लावलेली उंच, सरळ झाडं, मधून मातीचा रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या सहा खोल्या. पहिली मॅनेजरची, शेवटची माझी, मधल्या चारांत तोडणाऱ्यांची टोळी. रस्त्यापलीकडे मेस. खोलीत लोखंडी खाट, एक खिडकी आणि एक पाय आखूड असलेलं टेबल. लाकडाच्या तळावर टेबलाच्या पायाखाली ढलपी सारायला कुणाला सवड झालेली नाही, याचं हसू आलं. मीच सारली. आता ते हलत नाही.

काम आवडीचं. टोळीत सहा जण आहेत. चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, चालवायची कशी, ते त्यांना येतं. चालवून झाल्यावर संध्याकाळी दोन्ही हातांनी जेवायला कसं बसायचं, ते मी शिकवायचं. मॅनेजर पन्नाशीचा, मृदू बोलणारा. टेबलावर टोक केलेल्या पेन्सिली एका ओळीत. चहा देताना म्हणाला की गेल्या हंगामात 'एक प्रकार झाला', एक माणूस गेला, म्हणून मालकांनी सुरक्षा अधिकारी नेमायला सांगितलं. त्याचा अहवाल तेवढा राहिलाय, तो सवडीने बघू.

हिला फोन केला. जेवलात का, विचारलं. मग म्हणाली, तिथे जरा गप्प राहा. तिचं चुकत नाही. मागच्या नोकरीत लाकूडगिरणीतल्या करवतीच्या पात्यावरचं झाकण मालकानेच काढायला लावलं होतं, हे मी अहवालात लिहिलं. एका कामगाराची बोटं गेली होती, माझी नोकरी गेली. एकदा ताठ राहून पाहिलंय. पाठ अजून दुखते.

६ जानेवारी, मंगळवार

पहिला वर्ग झाडाखालीच घेतला. मशीन हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढायची नाही. जमिनीवर ठेवायचं, मागच्या मुठीत बूट घालायचा, चेन ब्रेक लावायचा, मग ओढायची. साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्या टोकाने कधी कापायचं नाही, टोक अडलं की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. यावर टोळीतला सर्वांत म्हातारा गडी पुढे आला आणि ओठ वर करून दाखवले. पुढचे चार दात नाहीत. मशीनने काढले, दातांच्या डॉक्टरपेक्षा लवकर, असं म्हणाला. त्याला सगळे बोळक्या म्हणतात. त्याच्याइतका चांगला तक्ता मला छापूनही मिळाला नसता.

मग झाड पाडायचं शास्त्र. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच. मग पाठीमागून काप, पण आरपार नाही. मध्ये दोन बोटं जाडीची पट्टी शिल्लक ठेवायची. ती झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर कलतं आणि आपण ठरवू तिकडेच पडतं. बिजागरी कापली की झाड कुणाचंच ऐकत नाही. मशीन सुरू करण्याआधी मागच्या अंगाला तिरकी पळवाट साफ करायची. आणि दोन माणसांत किमान दोन झाडांच्या उंचीएवढं अंतर. इथली झाडं तीस पावलांची, म्हणजे साठ पावलं.

ऐकून घेतलं सगळ्यांनी. शेवटी बोळक्या म्हणाला की साहेब, हे आम्हाला पाठ आहे, वरबघ्याने शिकवलंय. वरबघ्या कोण, विचारलं. टोळीचा मुकादम इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. त्याने मशीन सुरू केलं आणि उत्तर त्या आवाजात गेलं.

नवीन सामान वाटलं. प्रत्येकाला नारिंगी हेल्मेट, तोंडावर काळी जाळी, कानांवर झाकणं, मांड्यांना जाड कापडाची गवसणी. साखळी लागलीच तर त्या कापडाचे धागे तिच्यात गुंततात आणि मशीन जागीच थांबतं. मोजून सहा हेल्मेटं, माझं पांढरं. सहाही जण घालून उभे राहिले तेव्हा कोण मुकादम, कोण बोळक्या, काही कळेना. एका आईची सहा लेकरं. मला फार बरं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

मेस एक बाई चालवते. तिला सगळे वहिनी म्हणतात. चाळिशीची असेल, बोलणं मोजकं. जेवण उत्तम. ताटात वाढताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. मला वाटलं लाजते. आज कळलं, ती बोटं मोजते.

वरबघ्या तिचा नवरा. तोच 'एक प्रकार'. मशीनला हात लावण्यापूर्वी तो तीनदा वर बघायचा. वाळलेली फांदी आहे का, शेजारच्या झाडात शेंडा गुंतलाय का, वारा कुठला. टोळी चेष्टा करायची म्हणून हे नाव. चेष्टा करता करता शिकले सगळे त्याच्याकडूनच. तो आल्यापासून आठ वर्षांत टोळीतलं कुणी जखमी झालं नाही, बोळक्याचे दात त्याआधीचे. आणि हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात तो स्वतःच झाडाखाली गेला.

हे सारं मला बोळक्याने सांगितलं. वहिनीने एकच विचारलं, ताट उचलताना. "तुमच्या कागदावर काय लिहिणार, साहेब?"

मी म्हणालो, बघून ठरवतो. तिने मान हलवली. म्हणाली, खाली वस्तीत लोक म्हणतात, पिऊन गेला असेल. त्याने आयुष्यात थेंब घेतला नाही. "मला काही नको. तो चुकला नव्हता एवढं कुणीतरी लिहा."

९ जानेवारी, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला उतारावरच्या ओळीत काम चालू होतं. माझी रीत अशी की झाड पाडण्यापूर्वी मी शिट्टी वाजवतो, सगळे हात वर करतात, मी डोकी मोजतो, मग दुसरी शिट्टी. मोजली तर सात. पुन्हा मोजली. सात नारिंगी हेल्मेटं, सात वर केलेले हात. सातवा ओळीच्या खालच्या टोकाला, झाड जिथे पडणार होतं बरोबर तिथे उभा. जाळी खाली ओढलेली.

मी तीन शिट्ट्या मारल्या. तीन म्हणजे सगळं बंद. मशीनं बंद झाली. उताराने खाली धावत गेलो, तर तिथे कुणी नाही. पुन्हा मोजलं, सहा.

माझी चूक झाली असेल असं म्हणालो. कुणी हसलं नाही. मुकादमाने विचारलं, कुठे उभा होता? मी जागा दाखवली. त्याने ती ओळ सोडली आणि टोळी दुसरीकडे नेली. मॅनेजरला काय सांगायचं, विचारलं तर म्हणाला, सांगा की मशीनला तेल नव्हतं.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी अकराला, कुणी हात लावलेला नसताना, त्या ओळीतलं एक झाड उभं चिरलं आणि पडलं. आतून पोकळ होतं. अर्धा भाग बरोबर त्या जागेवर येऊन आदळला. काल आम्ही तिथे काम करत राहिलो असतो, तर पडलेल्या झाडाच्या फांद्या छाटायला आज दोन माणसं नेमकी तिथेच असती.

बोळक्याला एका बाजूला घेऊन विचारलं. तो बराच वेळ साखळीला कानस मारत राहिला. मग म्हणाला की तो आधीही येत असेल, पण आमची तोंडं उघडी होती, त्याला आमच्यात मिसळता येत नव्हतं. तुम्ही सोय केलीत. हा विनोद होता की काय, त्याच्या दात नसलेल्या तोंडावरून समजलं नाही. तो पुढे म्हणाला, घाबरू नका, तो वाईटाला येत नाही. जिथे उभा राहील तिथे आपण उभं राहायचं नाही, एवढंच.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण जेवताना लक्षात आलं की ओळीत बसलेली माणसं मी मोजत होतो.

१२ जानेवारी, सोमवार

मॅनेजरने अहवालाचा मसुदा टाईप करून दिला. सवडीने बघा म्हणाला, पण बुधवारपर्यंत. मजकूर चार ओळींचा. सदर कामगार हेल्मेट न घालता, वर न पाहता, स्वतःच्या निष्काळजीपणाने झाड पडण्याच्या क्षेत्रात चुकीच्या जागी उभा राहिला.

वर न पाहता! निदान हे तरी दुसऱ्या कुणाबद्दल लिहायचं.

दुपारी एकटाच जागा बघायला गेलो. खुंट बोलतात. ज्याला वाचता येतात त्याला माणसाच्या सहीपेक्षा जास्त सांगतात. वरबघ्याचा खुंट म्हणजे नमुना. खाच स्वच्छ, दोन्ही काप एका रेषेत मिळालेले. मागचा काप सरळ, त्यात ठोकलेली पाचर अजून तशीच. बिजागरी दोन बोटं, टोकापासून टोकापर्यंत सारखी. ती तुटलेली नाही, कारण झाड तेव्हा पडलंच नव्हतं. ते मागाहून उतरवलंय, बरंच वरून कापून. मागच्या अंगाला तिरकी पळवाट, झुडपं तोडून साफ केलेली. अजूनही पायाला ठोकर लागणार नाही इतकी साफ. तो त्या पळवाटेवर, पुस्तकात दाखवतात त्या जागेवर उभा होता, आणि तिथेच त्याच्यावर दुसरं झाड आलं.

ते दुसरं झाड पाडणाऱ्याचा खुंट सतरा पावलांवर आहे. मी तीनदा चाललो. सतरा. त्या खुंटाला बिजागरीच नाही. घाईने आरपार कापलेला. झाड वाटेल तिकडे फिरलं असणार.

परत येताना मुकादम वाटेत उभा होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच म्हणाला की ते झाड माझं होतं. पावसाआधी ओळ संपवायची म्हणून मॅनेजरने दोघांना एकाच ओळीत लावलं. वरबघ्या नाही म्हणाला होता. त्याला सांगितलं गेलं की नाही म्हणणाऱ्यांना खाली वस्तीत पुष्कळ काम आहे. मुकादम एवढं बोलला आणि चिडल्यासारखा निघून गेला, जणू मीच त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं.

१४ जानेवारी, बुधवार

सही केली.

लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मी मॅनेजरला खुंटांबद्दल सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, पेन्सिल सरळ केली, आणि म्हणाला की तुमच्या गिरणीतल्या प्रकरणाची चौकशी मी तुम्हाला घेण्याआधी केली होती. सगळे म्हणाले, घेऊ नका, हा माणूस लिहितो. मी तरी घेतलं. माणसाला दुसरी संधी द्यावी असं मला वाटतं. मग गप्प बसला. त्या गप्प बसण्यात माझे चौदा महिने होते, सकाळी अकराला कुठे जायचं नाही म्हणून पुन्हा अंथरुणात शिरणं होतं, आणि शेजाऱ्यांनी विचारलं की ही जे काय सांगायची ते होतं.

मेलेल्याला काय फरक पडतो, असं मनाशी म्हणालो. ज्याला म्हणायचं असतं त्याला असली वाक्यं तयार मिळतात.

जेवायला गेलो. वहिनीने वाढलं. आज तिने माझ्या हातांकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता पुढच्या ताटाकडे गेली.

१५ जानेवारी, गुरुवार

सातवा आज दिसला. मुकादमाच्या शेजारी, हातभर अंतरावर. मी तीन शिट्ट्या मारल्या. सगळे थांबले. मुकादम थांबला नाही. कानांवर झाकणं होती म्हणून, की ऐकूनही, देव जाणे. मी समोरून, त्याला दिसेल असा, हात हलवत धावलो. मशीन चालवणाऱ्याकडे मागून कधी जायचं नसतं. त्याने मला बघितलं. मग शेजारी बघितलं, सातव्याकडे, आणि मान खाली घालून पुन्हा कापायला लागला.

वर गुंतून राहिलेली फांदी सुटली. खांदा आणि बरगड्या गेल्या. लॉरीत घालून त्याला नेलं. चढवताना शुद्धीत होता. मला म्हणाला, "मी त्याला ओळखलं. तो सरक म्हणत होता. मीच सरकलो नाही."

१६ जानेवारी, शुक्रवार

काम बंद. मॅनेजरने मुकादमाच्या अपघाताचा कागद आणून दिला. तेच शब्द, फक्त माणूस बदललेला, आणि खाली मुकादमाची स्वतःची सही. मी म्हणालो, हा तयार कसा? तो म्हणाला, प्रत्येकाचा असतो. रुजू होताना ज्या कागदांवर सह्या घेतो, त्यात एक कोरा असतो. वेळेवर धावपळ नको. त्याने खण उघडून दाखवला. सहा होते, एकावर एक नीट लावलेले. सर्वांत वरच्यावर माझी सही. निळ्या शाईतली, सोमवारची, आनंदात केलेली म्हणून जरा मोठी.

खोलीत आलो. खिडकीतून बघितलं. रस्त्यापलीकडे, मेसच्या बाजूला, नारिंगी हेल्मेट.

अंदाजे साठ पावलं.

१७ जानेवारी, शनिवार

बोळक्याला विचारलं, तुला दिसतो का. त्याने मी दाखवलं तिकडे बघितलं आणि म्हणाला, नाही साहेब, काल दुपारपासून आम्हाला कुणालाच दिसला नाही. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. जेवायला बसलो तेव्हा माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

आज चाळीस पावलं. मी मोजतो. आयुष्यभर हेच केलं — अंतर मोजायचं आणि लोकांना सांगायचं, इतक्यात धोका नाही.

१८ जानेवारी, रविवार

पंचवीस पावलं. म्हणजे एका झाडाच्या टप्प्यात.

काही करत नाही. हात हलवत नाही, खूण करत नाही. नुसता नीट उभा असतो, पाय थोडे फाकून, वजन दोन्ही पायांवर. मी वर्गात शिकवतो तसा. त्याच्या उभं राहण्यात एकही चूक काढता येत नाही.

हिला फोन केला. आवाजावरून तिला कळलं. विचारलं, काय झालं, पुन्हा काही लिहिलंत का? मी म्हणालो, हो, लिहिलं. तिने निःश्वास टाकला. खोटं लिहिलं असं सांगायचं होतं, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

१९ जानेवारी, सोमवार

निघालो. बॅग न घेता, कुणाला न सांगता, मातीच्या रस्त्याने चालत. अर्ध्या तासाने मागून लाकडाची लॉरी आली, पुढे गेली, वळणावर हळू झाली. तो वळणावर उभा होता. मी थांबलो. लॉरीवरचे ओंडके बांधलेला पट्टा तुटला. तीन ओंडके. माझ्यापुढे चार पावलांवर. रस्ता खचला तेवढा भाग.

तो अजून तिथेच, ओंडक्यांच्या मधोमध. मग माझ्याकडे चालत आला. पहिल्यांदाच चालताना बघितला.

परत फिरलो. पुढे दुसरं काय —

२० जानेवारी, मंगळवार

बाहेर खाटेवर बसलो होतो, तिथे आला. खोलीत गेलो, खोलीत. मेसमध्ये गेलो, माझ्याच बाकावर. माझ्यामागोमाग पत्र्यावर फांदी आली, छताला भोक. मी एक हात इकडे बसलो असतो तर —

आता तो जागा दाखवत नाही. माणूस दाखवतो.

आधी लोकांना सरकायला सांगायचा. मला कुठे सरक म्हणतोय? कुठेच नाही. जिथे जाईन ती चुकीची जागा. हे शब्द माझेच — सही माझी —

२१ जानेवारी, बुधवार

खरा अहवाल लिहिला. दोन पानं, खुंटांची मापं घालून. मॅनेजरला दिला. त्याने वाचला, घडी घातली, खणात ठेवला, कुलूप लावलं. म्हणाला, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. आणि खुंट उद्या जाळायचे आहेत, जमीन साफ करायची आहे.

वहिनीकडे गेलो. सगळं सांगितलं, खुंट सोमवारी बघितले आणि बुधवारी सही केली, तेही. वाटलं, रडेल, शिव्या देईल. तिने गॅस बंद केला. म्हणाली, "मला माहीत आहे. सोमवारी तुम्ही त्या जागेवरून आलात, जेवला नाहीत. मी दोन दिवस वाट बघितली."

मी म्हणालो, कागद पुन्हा लिहून देतो. ती म्हणाली, कागद मला नको, कागद जळतात. सगळ्यांच्या समोर वाचा. ज्यांनी चेष्टा केली त्यांच्यासमोर.

मी हो म्हणालो. मग ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली. दिसतो का, विचारलं. नाही म्हणाली. पण माझ्यासमोरून दोन पावलं बाजूला झाली.

२२ जानेवारी, गुरुवार

मेसमध्ये वाचायचं नाही. छपराखाली नाही. माझ्याजवळ कुणी नको. जे येईल ते माझ्यावर यावं, वहिनीवर नाही, बोळक्यावर नाही. एवढं काम तरी मला नीट —

ओंडके रचतात ते मैदान. चारी बाजूंना साठ पावलं मोकळी. मोजलं. दोनदा. झाड पोचणार नाही, फांदी पोचणार नाही. वर नुसतं आभाळ. लोक कडेला उभे राहतील. मी मधे. ओरडून वाचेन.

बोळक्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यांना आणतो. जाताना परत आला. माझी मांडीवरची गवसणी सैल होती, ती त्याने गुडघ्यावर बसून आवळून दिली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळचे दहा. मैदानात खुंटावर बसून लिहितोय. वाचायचं ते इथेच लिहितो, म्हणजे या वहीतून वाचता येईल. मॅनेजरने तो कागद दिला नाही.

लोक आलेत. साठ पावलांवर, ओळीत. पाच जण आणि वहिनी. हेल्मेटं काढायला सांगितली — तोंडं दिसावीत म्हणून. दिसतायत. मॅनेजर खोलीच्या दारात. येत नाही, पण बघतोय.

सहाही मशीनं माझ्यासमोर मांडायला लावली. मुकादमाचंही. ब्रेक लावलेले, बंद. हात लावून बघितलं, गार आहेत.

तो मागे आहे. वळून बघत नाही. सावली पडलीये, वहीच्या पानापर्यंत —

लिहितो —

गेल्या हंगामात गेलेला माणूस चुकला नव्हता. त्याचा काप बरोबर होता. बिजागरी दोन बोटं. तो पळवाटेवर उभा होता. योग्य जागी.

मशीनचा आवाज येतोय.

सहाही बंद आहेत. समोर आहेत. बोळक्या इकडेतिकडे बघतोय, म्हणजे त्यालाही ऐकू — वहिनी पुढे यायला निघाली. नको म्हणून हात केला. थांबली. थांबा तिथेच —

आवाज माझ्या मागून, जवळ येतोय. लवकर लिहायला हवं.

दुसरं झाड सतरा पावलांवर होतं. पाडलं मुकादमाने. बिजागरी ठेवली नाही. दोघांना एका ओळीत लावायचा हुकूम मॅनेजरचा. वरबघ्या नाही म्हणाला होता, त्याला धमकी दिली, तीही मॅनेजरने. खोटा मजकूर मॅनेजरने टाईप केला. खुंट बघून आलेला, सगळं ठाऊक असलेला, तरी त्या कागदावर सही करणारा माणूस